उघड्या कॉकपिटमध्ये प्लॉटर, व्हीएचएफ, डेप्थ: कुठे आणि कसं बसवायचं?

खारी_बिस्कीट

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढते आहे.

आम्ही तिघांनी मिळून एक जुनी जे/२४ शिडाची बोट घेतली आहे. गेटवेसमोर मुरिंगवर, म्हणजे तळाशी पक्क्या केलेल्या बोयाला बांधलेली असते. ज्यांना ही बोट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: चोवीस फुटी, रेसिंगसाठी काढलेली, कॉकपिट (बसून बोट हाकायची जागा) पूर्ण उघडं. पुढे तुषार अडवणारं स्प्रेहूड नाही, वर सावलीची बिमिनी नाही, सुकाणूला चाकही नाही, साधा टिलर, म्हणजे दांडा. म्हणजे चाकाच्या खांबाला पाइप आवळून त्यावर स्क्रीन लावायची जी पद्धत सगळ्या व्हिडिओंत दाखवतात, ती आमच्या कामाची नाही.

आम्हाला रेस करायची नाही. दिवाळीनंतर मांडवा, खांदेरी, जमलं तर मुरुडपर्यंत जायचं आहे. जाताना प्रश्न नसतो. परत येताना दुपारचा वायव्येचा वारा बरोबर तोंडावर येतो, आणि प्रत्येक तिसरी-चौथी लाट पुढून उडून थेट कॉकपिटच्या पुढच्या भिंतीवर आपटते. त्याच भिंतीवर डावीकडे कंपास आहे. उजवीकडे जुन्या लॉगचं (बोटीचा वेग मोजणाऱ्या यंत्राचं) मेलेलं डिस्प्ले आहे, काचेच्या आत चक्क पाण्याची रेघ दिसते.

हवं आहे ते असं: सात इंची प्लॉटर (नकाशावर बोट कुठे आहे ते दाखवणारी स्क्रीन), एक फिक्स व्हीएचएफ रेडिओ, खोली दाखवणारं काहीतरी (डेप्थ), आणि पुढेमागे टिलरपायलट, म्हणजे टिलर आपोआप सांभाळणारं यंत्र. वीज म्हणजे १०० एएचची एक लेड-अ‍ॅसिड बॅटरी, छोटं सोलर पॅनल, आणि आउटबोर्ड जे काय देईल ते.

एका माणसाला बोट दाखवली. तो म्हणाला, "भिंतीत चौकोन कापू, प्लॉटर फ्लश बसवू, मागून सिलिकॉन भरू, एका दिवसात काम." एवढं पटकन ऐकूनच मी घाबरले. प्लॉटरवर आयपीएक्स७ लिहिलेलं आहे, म्हणजे लाटांची चिंता नाही असं त्याचं म्हणणं. खरंच नाही का? शिवाय मुरिंगवर चोरी, मे महिन्याचं ऊन आणि हिवाळ्यातल्या सीगलची शिट आहेच. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, हे सगळं सोडा, टॅब्लेट लावू. जाणकारांनी सांगावं.

टिलरधारी

काहीच लावू नका. २०२२ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये अभिलाष टॉमी सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांवरून जागा काढायचं यंत्र) आणि कागदी नकाशांवर जग फिरून दुसरा आला. तुम्हाला मांडव्याला जायला सात इंच कशाला? :)

कलईवाला

टिलरधारी, टॉमींच्या वाटेत डोलीचे, म्हणजे मासेमारीच्या डोल जाळ्यांचे खुंट नव्हते. आता खरं सांगायचं तर ते खुंट प्लॉटरवरही नसतात, त्यामुळे अर्धा मुद्दा तुमचा. पण उधाणाच्या ओहोटीला थळच्या खडकांजवळून येताना खोली कळत नसेल तर सेक्स्टंटने काय मोजणार?

खारीताई, मी करंजा-मोऱ्याकडे बोटींचं वायरिंग करतो. जास्त करून ट्रॉलर, अधूनमधून शिडाच्या बोटी. माझ्याकडे जी मेलेली उपकरणं येतात ती उघडल्यावर एक गोष्ट हमखास दिसते: पुढची काच शाबूत असते, मागचा भाग गेलेला असतो. कनेक्टरच्या पिना हिरव्या, वायर आतून काळी, भोकाच्या कडेने पाणी आलेलं. तुमच्या मेलेल्या लॉगचंही मागून तोंड बघा. त्यामुळे "हे वॉटरप्रूफ आहे का" या प्रश्नाच्या आधी "याच्या पाठीला काय होणार" हा प्रश्न विचारा.

आयपीएक्स७ चा अर्थ एवढाच की उपकरण १ मीटर साध्या, स्थिर पाण्यात ३० मिनिटं बुडवलं तरी आत पाणी शिरत नाही. जोराच्या झोताची चाचणी वेगळी असते, तिला आयपीएक्स६ म्हणतात, आणि सातची पास झाली म्हणजे सहाची आपोआप झाली असं नाही. तुमच्याकडे लाट आपटते, म्हणजे झोत. घ्याल त्या मॉडेलच्या कागदावर दोन्ही आकडे आहेत का ते बघा. आणि ही चाचणी नव्या कोऱ्या मालाची असते. चार वर्षं मुंबईच्या उन्हात तापलेल्या रबराला कोणी पुन्हा टाकीत बुडवून बघत नाही.

आता सिलिकॉनबद्दल, कारण हे मी वारंवार बघतो. बऱ्याच डिस्प्लेंना मागे श्वास घ्यायला बारीक छिद्र असतं, त्यावर हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा असतो. दुपारी उन्हात डबा तापतो, आतली हवा फुगते. मग गार पाण्याची लाट बसते आणि हवा एकदम आकसते. कुकर गार झाल्यावर झाकण जसं आत ओढलं जातं तसंच. छिद्र मोकळं असेल तर तिथून हवा आत जाते. मिस्त्रीने ते सिलिकॉनने बुजवलं असेल तर डबा कुठून तरी ओढणारच, आणि तो कनेक्टरच्या बाजूने पाणी ओढतो. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिड सोडतं, ते तांब्याला खातं. बंद जागेत कनेक्टरजवळ ते भरणं म्हणजे पैसे देऊन गंज विकत घेणं. कंपनीने डिस्प्लेबरोबर जी रबरी गॅस्केट दिलेली असते ती बसवा, बाकी काही लावू नका.

आता कुठे काय.

उघड्या कॉकपिटमध्ये कमीत कमी वस्तू असाव्यात हे माझं ठाम मत. तुमच्या यादीतली सतत दिसायला हवी अशी एकच गोष्ट आहे, खोली. तुमच्या बोटीला जवळजवळ सव्वा मीटर पाणी लागतं, आणि इथे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. तो आकडा मान न वळवता दिसला पाहिजे. रेसवाले डिस्प्ले डोलकाठीला, बूमच्या (शिडाच्या आडव्या दांड्याच्या) खाली ब्रॅकेटवर लावतात, कारण भिंतीवरचं यंत्र पुढे बसलेल्या माणसांच्या पायांआड जातं. तुम्ही तिघंच असता, तर जुन्या लॉगच्या भोकातच नवा डेप्थ बसवा. पाय आड आले तर ओरडा. नवं भोक वाचलं हा फायदा मोठा आहे.

खोलीचा ट्रान्सड्यूसर (आवाज सोडून खोली मोजणारा सेन्सर) मात्र विचारपूर्वक. हलला, म्हणजे बोटीच्या कवचाला, आतून चिकटवायचा प्रकार भोक न पाडता होतो म्हणून सगळ्यांना आवडतो, पण जे/२४ च्या हलमध्ये बाल्सा लाकडाचा थर आहे. त्यातून आवाज नीट जात नाही. जिथे थर नाही, नुसतं भरीव फायबर आहे, अशी जागा सापडली तरच तो चालेल. आधी पाण्याच्या पिशवीवर ट्रान्सड्यूसर टेकवून, बोट पाण्यात असताना आकडा येतो का बघा, मग चिकटवा.

व्हीएचएफ आत. पायऱ्यांच्या दाराला लागून, आतल्या बाजूला, असा की कॉकपिटमधून हात घालून माइक काढता येईल. बाहेरचा स्पीकर हवा तर तो वेगळा लावा. संकटाच्या लाल बटणाच्या सेटला एमएमएसआय नंबर (बोटीच्या रेडिओचा ओळख क्रमांक) घेऊन घालावा लागतो, भारताचा ४१९ ने सुरू होतो. आणि सेटमध्ये स्वतःचा जीपीएस नसेल तर प्लॉटरपासून त्याला पोझिशनची वायर जोडा. ती न जोडलेल्या बोटी मी इतक्या बघितल्यात की विचारू नका. बटण दाबलं तर चॅनल ७० वरून संकटाचा संदेश जातो, पण कुठून, ते जात नाही.

प्लॉटरही भिंतीत कापून बसवू नका. तो दारात फिरत्या हातावर, म्हणजे बिजागरावर फिरणाऱ्या पट्टीवर ठेवा. बाहेर वळवला की कॉकपिटमध्ये, आत वळवला की केबिनमध्ये. ऊन, सीगल आणि चोर तिन्हींची काळजी मिटते. आणि माझं एक खासगी मत: स्क्रीन टिलरपासून जरा लांबच बरी. हाताशी असली की नजर बोटीच्या आतच राहते. दारात असली तर तिच्याकडे बघतानाही डोळे पुढेच असतात, आणि खुंट डोळ्यांनाच दिसायचे आहेत.

टॅब्लेट: दुसरं साधन म्हणून जरूर, एकमेव म्हणून नको. एप्रिलच्या दुपारी तो गरम होऊन स्वतःच बंद पडतो, आणि काचेवर खाऱ्या पाण्याचे थेंब आले की हात न लावताच नकाशा कुठेही सरकतो. याच कारणासाठी प्लॉटर घेताना बटणं असलेला घ्या. नुसता टचस्क्रीन उघड्या कॉकपिटात नको.

धुक्यातला

कलईवाल्यांना पूर्ण अनुमोदन. मी सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये २७ फुटी टिलरची बोट चालवतो. इथे उन्हाळ्यात दुपारी गोल्डन गेटमधून २०-२५ नॉट्सचा वारा रोजचाच, आणि पाणी बर्फासारखं. कॉकपिट तुमच्यासारखंच उघडं. माझा प्लॉटर अशाच हातावर आहे, बांधणी सांगतो.

१८ मिमीच्या मरीन प्लायची पट्टी, सगळ्या कडा इपॉक्सीने बंद करून वरून रंग. दाराच्या आतल्या बाजूला स्टेनलेसचा लांब बिजागर, बिजागराची दांडी उभी. स्क्रू फायबरमध्ये नुसते पिळू नका, आरपार बोल्ट आणि मागे पट्टी द्या. लाटेत कोणीतरी तोल जाऊन त्या हातालाच धरणार आहे, हे गृहीत धरून बांधा. दोन्ही टोकांना, म्हणजे आत आणि बाहेर, कडी बसेल अशी सोय हवी. नाहीतर टॅक मारताना (बोटीचं तोंड वाऱ्यातून पलीकडे वळवताना) तो हात स्वतः फिरतो आणि कुणाच्या तरी कपाळावर बसतो.

वायर बिजागराच्या दांडीला समांतर वर चढवून मग हातावर न्या. अशी नेली तर हात फिरताना वायरला फक्त पीळ बसतो. आडवी नेली तर रोज त्याच जागी दुमडते आणि आतून तुटते.

दोन गोष्टी बांधायच्या आधी तपासा. एक, हात बाहेर असताना दाराची खालची फळी बसली पाहिजे. तुमच्या बोटीत कॉकपिटमधून आत जायचा उंबरठा फार उंच नाही, वारा वाढला की ती फळी लावूनच ठेवावी लागते. दोन, जिबच्या शीट्स, म्हणजे पुढच्या शिडाच्या दोऱ्या. कार्डबोर्डचा प्लॉटर करून त्या जागी धरा आणि मुरिंगवर उभ्या उभ्या शीट्स इकडून तिकडे ओढून बघा. प्लॉटर धरणाऱ्या बॉल-माउंटच्या नॉबला शीट अडकली की एक तर नॉब जातो किंवा टॅक जातो.

आणि गॉगल! पोलराइज्ड चष्मा लावून दुकानात स्क्रीन बघा, मान डावी-उजवीकडे कलवून. काही स्क्रीन एका विशिष्ट कोनात पूर्ण काळ्या दिसतात. बोट कललेली असते तेव्हा तुमची मानही तशीच असते.

खारी_बिस्कीट

कलईवाले दादा, धुक्यातले, खूप आभार. फिरत्या हाताची कल्पना तिघांनाही पटली. टॅब्लेटवाला जरा हिरमुसला आहे.

रविवारी जाऊन भिंत चमच्याने ठोकून पाहिली. बहुतेक ठिकाणी टणक आवाज येतो, पण जुन्या लॉगच्या भोवती बोदा आवाज आहे. डिस्प्ले काढलं. तुम्ही म्हणालात तसंच, मागे हिरवं पीठ. भोकाच्या कडेला फायबरच्या दोन थरांच्या मध्ये लाकूड दिसतं, नखाने कुरतडलं तर तपकिरी आणि ओलसर निघालं. आता? आणि वायर कुठली आणू, ते जरा बाजारातल्या भाषेत सांगा.

कलईवाला

ओलं बाल्सा म्हणजे आधी सुकवणं, बाकी सगळं नंतर. ओल्यावर इपॉक्सी ओतलं तर ओल आत कोंडली जाईल. भोकाच्या कडेने वाकवलेल्या खिळ्याने किंवा अ‍ॅलन कीने सडलेलं लाकूड उकरा, टणक, कोरडं लाकूड लागेपर्यंत. मग भोक उघडं ठेवा, वरून पाऊस-लाट लागणार नाही असं छप्पर द्या. फेब्रुवारी-मार्चची हवा यासाठी उत्तम आहे. गडबड असेल तर आतून दिवा लावून ठेवा, पण लक्ष ठेवून.

सुकलं की आधी पातळ इपॉक्सी ब्रशने कडेला पाजा. ते लाकूड पितं. मग सिलिकाची पूड घालून चिक्कीच्या पाकाइतकं घट्ट केलेलं इपॉक्सी त्या खाचेत भरा, कडेपासून किमान १०-१२ मिमी आतपर्यंत. सुकल्यावर घासून पुन्हा नेमक्या मापाचं भोक काढा. आता भोकाची कड म्हणजे भरीव प्लास्टिक. पुन्हा कधी पाणी आलं तर ते केबिनमध्ये टपकेल आणि तुम्हाला दिसेल, भिंतीच्या पोटात गुपचूप मुरणार नाही.

स्क्रूच्या भोकांचंही असंच. ५ मिमीचा बोल्ट असेल तर बाहेरून १२ चं बिट लावून वरचा थर आणि लाकूड काढा, आतला थर शाबूत ठेवा. भोक इपॉक्सीने भरा, सुकलं की मधोमध ५ चं भोक. वरची कड जराशी खोलगट करा आणि बोल्टखाली ब्यूटिल टेपचा (मऊ, चिकट रबरी पट्टीचा) वेटोळा द्या. बोल्ट आवळला की तो त्या खोलगटीत दाबून बसतो. पॉलियुरेथेनचा कायमचा सीलंट कुठेही वापरू नका. पुन्हा उघडायची वेळ आली की भिंतीसकट निघतं. पॉलिसल्फाइड चांगला, पण काही प्लास्टिकला तो चिरा पाडतो, म्हणून डिस्प्लेच्या अंगाला लावायचा नाही. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे. नागदेवीच्या बाजारात ३०४ स्वस्तात हातात देतील, आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्यांचे तपकिरी ओघळ तुमच्या पांढऱ्या भिंतीवर दिसतील.

वायर. लोहार चाळीत घराची वायर सगळे देतील, ती नको. टिन्ड मागा, कलई केलेली. बंडलचं टोक सोलून बघा, तारा रुपेरी दिसल्या पाहिजेत. तांबूस असेल तर परत द्या. खारी हवा साध्या तांब्यात टोकाकडून शिरते आणि आवरणाखाली हातभर आतपर्यंत काळी करते. मग कितीही नवे लग लावा, जोड टिकत नाही. बहुतारी हवी, एक जाड तार असलेली नको, ती थरथरीने तुटते.

जाडी तुम्ही स्वतः काढू शकाल. व्हीएचएफ २५ वॉटवर बोलताना साधारण ६ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून सेट ६ मीटर लांब असेल तर वीज जाऊन-येऊन १२ मीटर चालते. २.५ स्क्वेअरच्या (चौरस मिमी) तारेत तेवढ्या अंतरात अर्ध्या व्होल्टच्या वर उतरतं, ४ स्क्वेअरमध्ये ०.३३ च्या आसपास. १२ व्होल्टचे तीन टक्के म्हणजे ०.३६. म्हणून ४ स्क्वेअर घ्या. ऐकताना हा फरक कळत नाही, मदत मागताना कळतो, कारण बॅटरीही तेव्हाच उतरलेली असते. प्लॉटर आणि डेप्थला १.५ पुरे. प्रत्येकाला वेगळा फ्यूज, आणि सगळ्यांचा मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, प्लसवर.

जोड क्रिंप करा (पक्कडने दाबून बसवा), सोल्डर नको. सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि बोटीच्या थरथरीत तिथेच तुटते. क्रिंपवर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. कनेक्टरजवळ येण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळातून टपकेल, कनेक्टरपर्यंत चढणार नाही. हा झोळ फुकट आहे आणि निम्म्या बोटींत नसतो.

एनएमईए २००० ची (उपकरणांना एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या केबलची) साखळी करणार असाल तर टी-कनेक्टर सगळे केबिनमध्ये कोरड्यात ठेवा. फांदी ६ मीटरच्या आत, दोन टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर. बसवून झाल्यावर वीज बंद करून दोन डेटा तारांमध्ये मीटर लावा, ६० च्या आसपास आलं पाहिजे. १२० आलं तर एक टर्मिनेटर नाही किंवा कुठेतरी जोड सुटलाय.

अँटेनाची केबल तुमच्या डोलकाठीतून जाईल, साधारण बारा मीटर. पातळ आरजी-५८ टाकली तर चाळीसेक टक्के ताकद केबलमध्येच जिरते. जाड केबल ओढता आली तर बघा, नाही जमली तर निदान टोकाच्या कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा, वरून ऊन अडवायला साधी काळी टेप.

सारंगकाका

उशिरा आलो. नौदलात आयुष्य गेलं, आता वास्कोला असतो. सगळे पाण्याबद्दल बोलताहेत, कंपासबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

मुली, तुझा कंपास डाव्या भिंतीवर आहे. दारात फिरता हात आला, आत व्हीएचएफ आला, त्याला स्पीकर आला. स्पीकरमध्ये चुंबक असतं. प्रत्येक उपकरणाच्या पुस्तकात कंपासपासून किती लांब ठेवायचं ते लिहिलेलं असतं, आणि ते पान कोणी उघडत नाही. ते अंतर पाळ. शक्य असेल तर फिरता हात आणि व्हीएचएफ दोन्ही उजवीकडे घे.

बोल्ट मारायच्या आधी चाचणी कर. बोट धक्क्याला दोन्हीकडून पक्की बांध, कंपास वाच. मग माणसाने प्लॉटर त्याच्या जागी हातात धरावा, आधी बंद, मग चालू. काटा हलला का? हात आतून बाहेर फिरवताना हलला का? तुझ्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं, कारण फिरत्या हाताने दोष जागा बदलतो, म्हणजे कंपासची चूक लिहिलेला तक्ताही कामाचा राहत नाही. व्हीएचएफवर बोलतानाही काटा बघ. तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकक्षेत्र तयार होतं. उपाय सोपा, प्लस आणि मायनस एकमेकींना पीळ घालून न्यायच्या, दोघींची क्षेत्रं एकमेकींना मारतात. कंपासला दिवा असेल तर त्याच्या तारांनाही पीळ. आणि भिंतीवरच्या स्क्रूंना साधं चुंबक लावून बघ, चिकटला तो स्क्रू कंपासशेजारी नको.

सगळं बसल्यावर एकदा बोट फिरवून तपास. खांदेरीचं दीपगृह, प्राँग्जचं दीपगृह अशा नकाशावरच्या ठिकाणांची रांग धरून कंपास काय म्हणतो ते लिहून ठेव, आठही दिशांना. आणि देहरादूनच्या हायड्रोग्राफिक ऑफिसचा कागदी नकाशा बोटीवर असू दे. टिलरधारी थट्टा करत असला तरी तेवढं त्याचं खरं आहे.

खारी_बिस्कीट

काका, हे डोक्यातही आलं नव्हतं! आम्ही फिरता हात डावीकडेच लावणार होतो, कंपासच्या शेजारी. आता उजवीकडे.

शेवटचा प्रश्न. टिलरपायलट पुढच्या मोसमात घ्यायचा आहे. वायर तर आताच टाकून ठेवू ना? आणि पावसाळ्यात बोट वर काढतो तेव्हा या सगळ्याचं काय करायचं?

कलईवाला

वायर आताच टाका, २.५ स्क्वेअरची, पण सॉकेट आता बसवू नका. टिलरपायलटचा सॉकेट कॉकपिटमध्ये पाण्याच्या सगळ्यात जवळ असतो, वापर नसताना तो नुसता कुजतो. वायरचं टोक हीट श्रिंकने बंद करून आत बांधून ठेवा. पुढे सॉकेट लावाल तेव्हा झाकणवाला घ्या, उभ्या भिंतीवर लावा, बाकाच्या आडव्या पृष्ठभागावर नको. पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस. पायलटची दांडी जिथून आत-बाहेर करते तिथून पाणी शिरतं, मग कुठल्याही कंपनीचा असो, म्हणून त्याला कापडी किंवा रेक्झिनचा अंगरखा शिवून घ्या. पायलटच्या पोटातही कंपास असतो. काकांचे सगळे नियम त्यालाही लागू, विशेषतः जवळ ब्लूटूथ स्पीकर ठेवून गाणी लावणाऱ्यांना. बसवायची मापं पुस्तकातलीच घ्या, अंदाजाने नको. टिलर मध्यावर असताना दांडी त्याला काटकोनात आली पाहिजे.

पावसाळ्यात प्लॉटर, डेप्थचं डिस्प्ले, माइक हे सगळं काढून घरी. सुट्या राहिलेल्या कनेक्टरना कंपनीची टोपणं लावा, ती हरवू नका. टोपणं नसतील तर ग्रीस आणि फुगा. खरंच, साधा रबरी फुगा ओढून दोऱ्याने बांधायचा. काढण्याआधी स्क्रीन गोड्या पाण्याने धुवा. सुक्या मिठावर फडकं फिरवलं की काचेवरचा लेप खरवडला जातो, आणि काचा पुसायचा अमोनियावाला फवारा तर अजिबात नको. घरी कपाटात सिलिका जेल टाकून ठेवा, स्वयंपाकघराच्या आसपास नको. मोसमात रोजच्या वापरातही स्क्रीन बंद असताना तिचं झाकण घातलेलं हवं, आणि झाकणाला दोरी. बहुतेक डिस्प्ले साधारण ५५ अंशांपर्यंत चालतात. काळी स्क्रीन मे महिन्यात उघडी ठेवली तर तेवढं सहज ओलांडते.

भिंत सुकली की इथे फोटो टाका. इपॉक्सी भरायच्या आधीचा, नंतरचा नको.